जिन्यातल्या ठळक बातम्या

एक छोटी टेस्ट घ्या. दूरदर्शनच्या मराठी बातम्या सुरू होताना जी धून वाजायची ना, ती गुणगुणून दाखवा. आली? व्हेरी गुड. आता शेजारच्या डेस्कवरच्या कलीगला गुणगुणायला सांगा. पैजेवर सांगते, त्याची निराळी निघणार.

मी हा प्रयोग ऑफिसच्या लंच टेबलवर केला. आम्ही चौघं मराठी, चौघंही ऐंशीच्या दशकात जन्मलेले, चौघांनाही धून एकदम पाठ. निघाल्या चार. एकाची तर तिसऱ्याच ओळीत निरमाची जाहिरात झाली आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही. मग यूट्यूब उघडलं. तिथे लोकांनी जुन्या कॅसेटवरून काढलेले बातम्यांचे तुकडे चढवलेत. निरनिराळ्या वर्षांचे, निरनिराळ्या धुनांचे. त्यातला प्रत्येक तुकडा ऐकून कुणीतरी एक जण 'हीच, हीच!' म्हणून ओरडत होता, आणि बाकीचे तिघं 'छे!' म्हणत होते.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. सोसायटीची मीटिंग झाली, बिल्डरचं पत्र आलं, महिनाअखेरीस टिळकनगरचं घर रिकामं करायचं. भाड्याचं घर घाटकोपरला पाहिलंय. माळ्यावरचे माझे डबे मी येऊन बघणार आहे का, की द्यायचे भंगारात?

डबे हे निमित्त. ती इमारत पडायच्या आधी एकदा संध्याकाळी सातला तिच्या जिन्यात उभं राहायचं, हे मी लंच टेबलवरच ठरवलं होतं.

खारघरहून येताना टिळकनगर हे चेंबूरनंतरचं स्टेशन. मी मुद्दाम एक स्टेशन आधी उतरले. शनिवार, सव्वाचार, हातात भरपूर वेळ. चेंबूरला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलात की आपण कुठे आलोय ते आधी नाकाला कळतं. मोगऱ्याचे गजरे, दळली जाणारी कॉफी, आणि वारा उलटा असेल तर माहुलच्या रिफायनऱ्यांचा तो ओळखीचा दर्प. डोक्यावर मोनोरेलची तुळई. बाजारात भाजीवाल्याशी मराठी, कॉफीवाल्याशी तमिळ, मिठाईवाल्याशी सिंधी वळणाचं हिंदी. चेंबूर कुणा एकाचं कधीच नव्हतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प, तमिळ मंडळींचं छेडानगर आणि तिथलं मुरुगनचं देऊळ, बीएआरसी आणि आरसीएफच्या कॉलन्या, आणि आमच्यासारख्या नोकरदारांसाठी हाउसिंग बोर्डाच्या बिनालिफ्टच्या इमारती. हे सगळे एकमेकांच्या शेजारी राहायचे, पण दिवसभरात एकत्र येऊन करायचे असं फारसं काही नव्हतं. संध्याकाळच्या बातम्या सोडल्या तर.

रिक्षाने आधी आर. के. स्टुडिओच्या जागेवर गेले. का, ते सांगते. सिनेमाची सुरुवात कशी लक्षात राहावी, याचं उत्तम उदाहरण आमच्याच सायन-ट्रॉम्बे रोडवर होतं. राज कपूरने १९४८ मध्ये ही संस्था काढली आणि १९४९ च्या 'बरसात'मधल्या पोझवरून तिचं चिन्ह बनवलं. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. सिनेमाच्या आधी पूजेला बसलेले पृथ्वीराज कपूर आणि मग ते चिन्ह. थिएटरमधली कुजबुज तिथेच थांबायची. २०१७ च्या सप्टेंबरात स्टुडिओला आग लागली आणि २०१९ मध्ये जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. आता तिथे उंच इमारती. रिक्षावाल्याला 'आर. के.' एवढंच म्हटलं तरी त्याने बरोबर आणून सोडलं, म्हणजे बघा.

तर गंमत अशी, की दूरदर्शनच्या त्या फिरत्या डोळ्याखाली 'सत्यम् शिवम् सुंदरम्' लिहिलेलं असायचं. आणि १९७८ मध्ये आर. के.ने त्याच नावाचा सिनेमा काढलेला. दोन अधिक दोन पाच करून माझी चौथीपर्यंत पक्की समजूत होती, की दूरदर्शन आमच्या चेंबूरमधूनच निघतं. शाळेच्या ट्रिपला नेहरू सायन्स सेंटरला गेलो, बाईंनी बसच्या खिडकीतून वरळीचा टॉवर दाखवला आणि 'हे दूरदर्शन' म्हणाल्या, तेव्हा मी अक्षरशः खट्टू झाले होते.

तो डोळा काढला होता देबाशिष भट्टाचार्य या अहमदाबादच्या एनआयडीतल्या विद्यार्थ्याने. दोन वळणं आणि मध्ये एक गोळा. आणीबाणीच्या काळात ते चिन्ह इंदिरा गांधींनी निवडलं. त्यासोबत वाजणारी धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, त्या दिवशी ती पहिल्यांदा ऐकू आली. सनईतला तो हळूहळू उलगडत जाणारा सूर मला लहानपणी जरा भीतीदायक वाटायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही. दुपारी झोपून उठल्यावर ऐकला की उगाच रडू यायचं. माझ्या वयाच्या निदान सहा जणांनी मला हेच सांगितलंय, त्यामुळे मी एकटी वेडी नाही.

पण ही झाली दूरदर्शनची धून. बातम्यांची वेगळी. तिच्यात भीती नव्हती, घाई होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. तेव्हापासून मराठी बातम्या आल्या आणि त्या वाचणारे चेहरे घरचे झाले. विश्वास मेहेंदळे. भक्ती बर्वे. अनंत भावे, ज्यांच्या कविता मुलांना पाठ असायच्या आणि जे बातम्या वाचताना मात्र मुळीच हसायचे नाहीत. स्मिता पाटील, जी म्हणे जीन्सवर साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, कारण टेबलाच्या खालचं दिसतंय कुणाला! (झूम कॉलच्या काळात शर्टाखाली बर्म्युडा घालून बसणाऱ्या आपण सगळ्यांनी या बाईला नमस्कार करायला हवा.) आणि प्रदीप भिडे. १९७४ पासून जवळपास चाळीस वर्षं तो आवाज होता. २०२२ च्या जूनमध्ये भिडे गेले, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणी 'आरआयपी' लिहिलं नाही. आत्येभावाने नुसतं लिहिलं, 'नमस्कार.' सगळ्यांना कळलं.

डायमंड गार्डनपाशी मेट्रोच्या खांबाखाली चहा घेतला आणि टिळकनगरकडे चालायला लागले. साडेपाच. ऊन उतरलेलं. या वेळेला आम्ही मुलं खाली खेळत असायचो. साडेसहाच्या सुमाराला खिडक्यांमधून 'आमची माती आमची माणसं' सुरू व्हायचं. आमच्याकडे माती म्हणजे कुंडीतल्या तुळशीची, पण तरी आम्हाला द्राक्षावरच्या भुरीचे उपाय तोंडपाठ. कार्यक्रमातले साहेब शेतकऱ्याला 'एकरी अमुक किलो युरिया द्या' सांगायचे. तो युरिया आणि ते 'सुफला' खत आमच्या मागच्या अंगाला, आरसीएफच्या चिमण्यांखाली तयार व्हायचं. अख्ख्या महाराष्ट्राच्या शेताला लागणारा माल आमच्या दाराशी, आणि आम्ही कधी नांगर पाहिला नव्हता.

शेतीचा कार्यक्रम संपला की खेळाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं. मग धून.

वेळेवरून वाद आहे. तळमजल्यावरचे काका छातीठोक सांगतात की पूर्वी मराठी बातम्या साडेसातला असायच्या. माझ्या डोक्यात मात्र 'सातच्या बातम्या' हेच कोरलंय आणि मी ते बदलणार नाही. कारण ती धून आमच्या कॉलनीत बातम्यांपेक्षा जास्त घड्याळाचं काम करायची. ती वाजली की मुलांनी वर यायचं, देवापाशी दिवा लावलेला असायला हवा, कुकर चढलेला असायला हवा. आणि बाबा गेटमधून आत येत असायला हवेत.

बाबांचं ऑफिस फोर्टात. हार्बरची लोकल, मग चालत. रोज बरोबर धुनेच्या आगेमागे ते गेटपाशी पोचायचे. आमची इमारत तळ अधिक तीन, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दारं सगळी उघडी, आणि प्रत्येक घरात एकच चॅनल. गेटपासून जिन्यापर्यंत धून. तळमजल्यावर नमस्कार. मग प्रत्येक मजल्यावर एक ठळक बातमी. पहिल्या मजल्यावर मुख्यमंत्री, दुसऱ्यावर संप किंवा पाऊस, तिसऱ्यावर क्रिकेट. घरात शिरून चपला काढेपर्यंत बाबांचे मथळे झालेले असायचे. ते बसून टीव्ही बघायचेच नाहीत मुळी. आई विचारायची, "ऐकलंत?" ते म्हणायचे, "हो, जिन्यात."

या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर मामी राहतात. तंजावरकडच्या, लग्न होऊन चेंबूरला आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. मामा दिवसभर ऑफिसात, शेजारी बोलायला भाषा नाही. मामी मराठी शिकल्या त्या बातम्यांवरून. त्यामुळे झालं काय, की त्यांना भाजीवाल्याशी घासाघीस करायचं मराठी आलं नाही, पण बातम्यांचं मराठी अस्खलित आलं. मामांना उशीर झाला की त्या आईला येऊन सांगायच्या, "हार्बर मार्गावरील वाहतूक विस्कळीत असावी." मला ताप आला तेव्हा दारात उभ्या राहून, "मुलीच्या प्रकृतीत सुधारणा आहे का?" एकदा त्यांच्या घरी गॅस संपला तर म्हणाल्या, "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत तुमची शेगडी वापरू का?" आम्ही मुलं हसून लोळायचो. आज वाटतं, आमच्या इमारतीत सगळ्यात शुद्ध मराठी त्याच बोलायच्या.

एकदा मात्र ती धून वाजली आणि बाबा गेटपाशी नव्हते.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मी चौथीत. दुपारी दीडनंतर शहरात एकामागून एक स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचं सेंच्युरी बाजार. २५७ माणसं गेली, हा आकडा नंतरचा. त्या दिवशी आमच्यापर्यंत फक्त अफवा येत होत्या. इमारतीत फोन एकच, काकांकडे, आणि तो सारखा एंगेज. शेअर बाजार म्हणजे फोर्ट, आणि फोर्ट म्हणजे बाबांचं ऑफिस, एवढा भूगोल मला येत होता. त्या संध्याकाळी कुणी मुलांना खेळायला जाऊ नका म्हणून सांगितलं नाही, पण खाली कुणीच नव्हतं. सगळे गॅलरीत. मग धून सुरू झाली. आमच्याकडून, मामींकडून, समोरच्या इमारतीतून, पलीकडच्या रांगेतून. एकाच क्षणी. इतर वेळी तिच्यावर भांड्यांचे, मुलांचे, कुकरचे आवाज असायचे. त्या दिवशी काहीच नव्हतं, त्यामुळे ती पहिल्यांदाच आख्खी ऐकू आली. अख्खी कॉलनी एकाच माणसाचं ऐकत होती, आणि तो माणूस आवाज न चढवता एकेक ठिकाण वाचत होता. आई गॅलरीचा कठडा धरून उभी होती. मामी कधी वर आल्या कळलंच नाही. त्या आईशेजारी उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी एकही वाक्य बोलल्या नाहीत.

बाबा साडेनऊनंतर आले. अर्धं अंतर चालत, अर्धं कुणाच्या तरी टेम्पोत. सगळ्या मजल्यांवर लोक दारात. ते वर येता येता थांबत थांबत आले, प्रत्येकाला आपण ठीक आहोत सांगत. घरात आल्यावर पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "आज जिन्यात मीच बातमी होतो."

ती धून मला नेमकी कशी आठवत नाही, पण ती सगळीकडून एकदम येते कशी, हे आठवतं. लंच टेबलवरच्या चौघांच्या चार धुना निघाल्या याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. प्रत्येकाच्या धुनेत त्याच्या इमारतीचा आवाज मिसळलेला असणार.

ती एकदम का यायची, याचं उत्तर गच्चीवर होतं. आमच्या गच्चीवर अँटेनांचं जंगल होतं. ॲल्युमिनियमच्या लांब दांड्या, त्यावर कावळे. सगळ्यांची तोंडं नैर्ऋत्येला, वरळीकडे. वादळी वाऱ्याने अँटेना फिरली की एकाने गच्चीवर जायचं, एकाने गॅलरीत उभं राहून ओरडायचं. "आलं! गेलं! अरे आलेलं ना, कशाला हलवलंस?" वरळी ते चेंबूर सरळ रेषेत दहाएक किलोमीटर. रेडिओलहरीला ते अंतर कापायला सेकंदाचा सुमारे तीस हजारावा भाग लागतो. मामींच्या घरात आणि आमच्या घरात धून पोचण्यात फरक असला तरी तो माणसाच्या कानाला कळण्यातला नव्हता. नंतर केबल आली, तीही बरीच वर्षं ॲनालॉग होती. तोपर्यंत खिडक्या एका सुरात होत्या.

त्या फुटल्या त्याला तारीख आहे. ३१ ऑक्टोबर २०१२. त्या दिवसापासून मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दिसणं बंद झालं. डिजिटल चित्र आधी दाबून लहान करतात, मग पाठवतात, मग घरचा बॉक्स ते उलगडतो. मध्ये उपग्रह असेल तर छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, त्यातच पाव सेकंद. प्रत्येक कंपनीचा बॉक्स आपापल्या सवडीने काम करतो आणि फोनवर बघत असाल तर आणखी मागे. चित्र काचेसारखं स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या, गच्चीवर चढायचं संपलं. मला त्याची तक्रार नाही. पण एकाच इमारतीत 'आत्ता' कधी, यावर एकमत उरलं नाही. प्रसारभारतीने २०२१-२२ मध्ये देशभरातले बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले, तोपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

विश्वास बसत नसेल तर दोन मॅच आठवा. २ एप्रिल २०११, वानखेडे. धोनीच्या सिक्सरला टिळकनगर एका घशाने ओरडलं होतं. आणि २९ जून २०२४. शेवटची ओव्हर, मिलरने मारलेला उंच फटका, सीमारेषेवर सूर्यकुमार यादव. आमच्या बाजूच्या अणुशक्तीनगरात वाढलेला मुलगा, म्हणजे घरचाच कॅच! मी आईबाबांकडे होते. आमच्या टीव्हीवर बोलर अजून रनअपवर होता आणि समोरच्या इमारतीत फटाका वाजला. बाबा म्हणाले, "आउट झाला वाटतं." मग आम्ही तो आउट होताना पाहिला. मग दोन-तीन सेकंदांनी खालचे काका ओरडले.

चोवीस तासांच्या वाहिन्यांवर सगळं ढकलणं सोपं आहे. मी ढकलणार नाही, कारण मी त्यांची फॅन होते. २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' आले, २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत', तेव्हा मी नाइट शिफ्ट करून पहाटे घरी यायचे आणि बातम्या माझ्यासाठी जाग्या असायच्या. केवढं अप्रूप होतं! मराठीत एवढे चकाचक सेट, एवढे तरणे अँकर. 'उघडा डोळे, बघा नीट' हे आम्ही कॉलेजच्या ग्रुपमध्ये वेंधळ्या मित्राला उद्देशून म्हणायचो. पण जी गोष्ट संपतच नाही तिची सुरुवात कशी वाजवणार? दर अर्ध्या तासाला धडाम-धुडूम झालं की कान त्याला सुरुवात मानत नाहीत. त्यात नावंही टिकली नाहीत. 'स्टार माझा' २०१२ मध्ये 'एबीपी माझा' झालं, 'आयबीएन लोकमत'चं 'न्यूज१८ लोकमत'. आई अजून 'स्टार लाव' म्हणते. दूरदर्शनही काही जसंच्या तसं राहिलं नाही म्हणा. 'डीडी १०' हे नाव जाऊन २००० मध्ये 'सह्याद्री' आलं. टिळकनगरात त्याने फार करमणूक झाली, कारण आमच्याकडे 'सह्याद्री' म्हणजे सह्याद्री क्रीडा मंडळाचा गणपती. भव्य देखावे, मैलभर रांग. आम्ही पोरं बाहेरच्यांना सांगायचो, आमच्या मंडळाने आता चॅनलपण काढलंय. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजचं लाल चिन्ह भगवं झालं तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. चिन्ह, रंग, धून यांचं कुणाला काही पडलेलं नाही असं म्हणणाऱ्यांनी तो आठवडा आठवावा.

सव्वासहाला मी आमच्या गेटमधून आत शिरले. सोळा बिऱ्हाडांपैकी पाच उरलीत. रिकाम्या घरांच्या खिडक्या काढून नेल्यात, त्यामुळे इमारत दात पडल्यासारखी दिसते. जिन्यात बिल्डरच्या माणसाने लाल रंगाने आकडे टाकलेत. गच्चीवर जाऊन आले. अँटेना एकच उरलीय, वाकलेली, तोंड अजून वरळीकडे. मध्ये एवढे टॉवर उभे राहिलेत की तिला दिसत काही नसेल.

माळ्यावरचे डबे पाहिले. भंगारातच द्यायचे होते.

सात वाजायला दहा कमी असताना मी बाबांना म्हटलं, "चला, खाली जाऊ." त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवीन इमारत चोवीस मजली, तीन लिफ्ट. लिफ्टमध्ये कुणाच्या घरातलं काही ऐकू येत नाही, हे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. आम्ही हळूहळू उतरलो. जाताना मामींना सांगितलं, सह्याद्री लावा, दार उघडं ठेवा. मामा जाऊन सहा वर्षं झाली. मामी आता मुलीकडे बंगळुरूला जाणार. "आवाज मोठा ठेवण्यात येईल," त्या म्हणाल्या. आईला आमचा टीव्ही लावायला सांगितलं. काकांचा टीव्ही पॅक झालेला. ते फोनवर यूट्यूब लावून खुर्ची टाकून दारात बसले आणि पुन्हा एकदा बजावलं, "साडेसात होती बरं का मुळात."

गेटपाशी उभे राहिलो. टिळक टर्मिनसवरून गाडीची अनाउन्समेंट तुटक तुटक येत होती. बाबांनी शर्टाची कॉलर सरळ केली, सवयीने.

पहिल्यांदा मामींकडे वाजलं. दुसऱ्या मजल्यावरून, मोठ्या आवाजात. धून आता नवी आहे, माझ्या चारही कलीगची नाही. बाबांनी पाऊल उचललं. आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे सुरू झालं. मामींकडच्या धुनेचा शेवट आणि आमच्याकडची सुरुवात एकमेकींवर चढली, गोंधळ झाला, मग वेगळा झाला. पहिल्या मजल्यावर कुणी राहत नाही. तिथे पोचेपर्यंत वर मामींकडे निवेदिकेचा नमस्कार झाला होता. काही सेकंदांनी आमच्याकडे झाला. बाबा कठडा धरून थांबले. दम लागला असेल म्हणून मी पाठीला हात लावला, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

तेव्हा कुठे खालून काकांच्या फोनवर धून सुरू झाली. बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी.

"ही तिसरी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावर मामी दारात उभ्या होत्या. पहिली ठळक बातमी त्यांच्याकडे होऊन गेली होती, वर आईकडे चालू होती, खाली काकांकडे अजून यायची होती. मामींनी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "आज विलंब झाला?"

"हो," बाबा म्हणाले. "जिन्यात गर्दी आहे."